जेम बसलं, पण कमांड सापडेना!

प्रश्न : मी बीसीएसला आहे. उबुंटूवर जेकिल (वेबसाइट बनवायचं टूल, जेम म्हणजे रुबी भाषेचं पॅकेज म्हणून येतं) टाकायला 'जेम इन्स्टॉल जेकिल' केलं तर परमिशनचा एरर आला, मग मैत्रीण म्हणाली म्हणून पुढे यूझर-इन्स्टॉल लावलं, तर झालं, पण आता जेकिल टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड'. सगळं पुसून सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून टाकू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सुडो नको गं. उबुंटूचं रुबी सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असतं, तिथे तुला लिहायची परवानगी नाही, म्हणून पहिला एरर. सुडोने तो जातो खरा, पण मग कुठलं जेम एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने) आलं आणि कुठलं तू टाकलंस यात गोंधळ होऊ शकतो. मैत्रिणीचा सल्ला बरोबरच होता, फक्त अर्धा. जेम तुझ्या होम फोल्डरमध्ये आलंय, पण शेल (टर्मिनलमध्ये तुझ्या कमांड चालवणारा प्रोग्राम) कमांड शोधतं ते पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांतच, आणि हा फोल्डर त्यात नाही. 'जेम एन्व्ह' टाइप कर, यूझर इन्स्टॉलेशन डिरेक्टरी अशी ओळ दिसेल, तिच्यातल्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश बिन जोडून तो पत्ता बॅशआरसी फाइलच्या (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) शेवटी पाथमध्ये एक्स्पोर्ट कर (जुना पाथ ठेवून हं, नाहीतर फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालणार नाही!) आणि नवीन टर्मिनल उघड. जुन्यातच बसून 'होत नाहीये' म्हणणारे बरेच असतात.

जेम टाकताना मध्येच नेटिव्ह एक्स्टेन्शनचा (जेममधला जो भाग तुझ्या मशीनवर कंपाइल व्हावा लागतो त्याचा) एरर आला तर बिल्ड-इसेन्शियल आणि रुबी-डेव्ह एपीटीने टाक, बहुतेक वेळा तेवढंच कमी असतं. आरबीएन्व्ह (रुबीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळायचं टूल) वगैरे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं रुबी लागायला लागलं की बघू, आत्ताच नको.