मालवणची रापण कोणी थांबवली?

प्रश्न : १९८६ साली वडिलांबरोबर मालवणला गेलो होतो, तेव्हा पहाटे किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा रापणीचे जाळे ओढताना पाहिल्या होत्या. यंदा मडगावच्या गाडीने कुडाळला उतरून पुन्हा गेलो, तर तेथे पर्यटकांसाठीच्या जलक्रीडा आणि निवासांच्या पाट्याच दिसल्या. पर्यटनाने मासेमारी गिळली, असे समजावे काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली हळहळ रास्त आहे, परंतु घडले ते उलट्या क्रमाने. पर्यटक येण्यापूर्वीच रापण खंगू लागली होती. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेल्या या लांबलचक जाळ्याची दोन्ही टोके माणसे किनाऱ्यावरून ओढतात. जाळ्याचे, होडीचे आणि श्रमाचे वाटे ठरलेले असतात, आणि दोराला हात लावणाऱ्या पोरासोरांच्या हातीही चार बांगडे पडतात. आपल्या भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावांवर ढिवर बांधव मिळून मासेमारी करतात, त्याच्याशी हिचे नाते जवळचे आहे. मात्र तलावातील मासळी तलावातच राहते, तर बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ आले तरच रापणीला काही मिळते. ट्रॉलर आणि त्यामागून आलेली पर्ससीन जाळी यांनी हे थवे बाहेरच्या पाण्यातच वेढून उचलायला सुरुवात केल्यावर रापणकरांची जाळी रिकामी येऊ लागली. राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. हे पाऊल फार उशिरा पडले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याआधी १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईहून येणाऱ्या अनेक मनीऑर्डरीही बंद पाडल्या होत्या. त्यामुळे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, तेव्हा पाहुण्यांना खोली देणे हा कित्येक कुटुंबांना हाताशी आलेला एकमेव रोख व्यवसाय होता. चिऱ्याच्या कौलारू घरांच्या पडव्यांना भिंती घालून खोल्या झाल्या, पुढे कौले उतरून स्लॅब पडले, आणि मासे आणणाऱ्या होड्या पर्यटकांना फिरवू लागल्या. आम्हाला खरी काळजी वाटते ती मालवणजवळच्या देवबागची, कारण कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील त्या चिंचोळ्या पट्टीवर बांधकामे वाढत आहेत आणि लाटा वाळू नेतच आहेत. दगडी बंधारे घालूनही धूप थांबलेली नाही.

रापण अजून पूर्ण संपलेली नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या महिन्यांत गेलात, तर मालवणच्या किनाऱ्यावर पहाटे चौकशी करावी. रापण लागली असेल, तर दोर धरायला कोणी नाही म्हणणार नाही.