भौतिकशास्त्र घ्यायचं, पण कोणतं?

प्रश्न : बारावीला पीसीएमबी होतं, आता बी.एस्सी. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलाय. पुढे खगोलभौतिकी करायची इच्छा आहे. भौतिकशास्त्राच्या जोडीला गणित घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स? गणितात मार्क जातील अशी धास्ती वाटते. शिवाय ओपन इलेक्टिव्हच्या यादीत खगोलशास्त्र दिसतंय, पण ऑफिसात ‘तुम्हाला मिळणार नाही’ म्हणतात. हे कसं काय? (सातारा)

उत्तर : आधी शेवटचा मुद्दा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या महाराष्ट्रातल्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. तुम्ही विज्ञानाचे आणि खगोलशास्त्रही विज्ञानाचं, म्हणून ऑफिसचं म्हणणं बरोबर आहे. हळहळू नका. असा कोर्स बी.ए., बी.कॉम.च्या मुलांसाठी बेतलेला असतो. त्यात ओळख होते, तयारी होत नाही. खगोलभौतिकीची तयारी मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी आणि या तिन्हींना लागणाऱ्या गणितातून होते.

म्हणून गणितच घ्या. इलेक्ट्रॉनिक्स वाया जाणारं नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या आहेत, तिथल्या कामात ते पावलोपावली लागतं. पण इलेक्ट्रॉनिक्सची कसर पुढे भरून निघते; डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्राची एम.एस्सी.ला गेल्यावर भरून काढणं फार जड जातं. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा द्यावी लागते, तिच्या भौतिकीच्या अभ्यासक्रमात पहिलाच विभाग गणिती पद्धतींचा आहे. काही संस्था पदवीला गणित होतं का, हेही बघतात.

धास्ती किती खरी आहे, ते एका गणिताने तपासा. थांबलेली गाडी निघाली. तिचा वेग, मीटर प्रति सेकंदात, कोणत्याही क्षणी ‘3 गुणिले वेळेचा वर्ग’ एवढा आहे. पहिल्या 2 सेकंदांत ती किती अंतर जाईल? उत्तर 24 मीटर आलं, तर तुम्ही शेवटच्या वेगाला वेळेने गुणलंत. 12 आलं, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी काढलीत. ती त्वरण स्थिर असेल तरच चालते आणि इथे ते दर क्षणाला वाढतंय. बरोबर उत्तर 8 मीटर, इंटिग्रेशन करून. 12 लिहिणारे बरेच निघतात आणि त्यांचं गणित कच्चं असतंच असं नाही. सूत्र कुठे लागू पडतं हे न बघता वापरायची सीईटीच्या तयारीतली सवय नडते. ती एका सत्रात सुटते. इंटिग्रेशन सुचलंच नाही, तर कॉलेज सुरू होण्याआधी बारावीची डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची प्रकरणं पुन्हा सोडवा.

वेळेचाही हिशोब करा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल 15 आठवड्यांत 60 तास खातं, म्हणजे आठवड्याला 4. तिन्ही विषय प्रयोगांचे घेतले की दुपारी लॅबमध्ये आणि रात्री जर्नल लिहिण्यात जातात. जर्नल मात्र त्या त्या आठवड्यात तपासून घ्या. शेवटच्या पंधरवड्यात सह्यांसाठी लागणारी रांग टाळणं तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. इंजिनिअरिंग की मेडिकल, अजून ठरत नाही. फिजिक्सचे तीन कोर्स दिसतात, शिवाय ‘इंट्रो अ‍ॅस्ट्रॉनॉमी’. कुठला घ्यावा? (न्यू जर्सी)

उत्तर : कोर्सच्या नावावर जाऊ नका, प्री-रेक्विझिटची, म्हणजे आधी काय झालेलं हवं याची ओळ वाचा. गणिताची अट नसेल, तर तो विज्ञान शाखेबाहेरच्यांसाठीचा कोर्स. बीजगणित आणि त्रिकोणमिती मागितली असेल, तर तो मुख्यतः प्री-मेड (पुढे मेडिकलला जाणाऱ्या) आणि जीवशास्त्राच्या मुलांचा. कॅल्क्युलस आधी किंवा सोबत मागितलं असेल, तर तो इंजिनिअरिंग आणि फिजिक्सवाल्यांचा. वैद्यकीय महाविद्यालयांना सहसा लॅबसह वर्षभराचं फिजिक्स लागतं आणि बहुतेक ठिकाणी बीजगणितावरचं चालतं. उलट, इंजिनिअरिंगला ते बहुधा धरत नाहीत, सगळं पुन्हा करावं लागतं. तेव्हा ठरत नसेल आणि कॅल्क्युलस चालू असेल, तर कॅल्क्युलसवालाच घ्यावा. तो दोन्हीकडे चालतो. फक्त प्री-मेडला ग्रेड फार मोलाचे असतात, म्हणून पहिल्या क्विझनंतर ड्रॉपची तारीख जाण्याआधी तिच्याशी बोला. ती तारीख सत्राच्या अगदी सुरुवातीला असते. नंतर सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) उमटतो.

शाळेत एपी (शाळेतच होणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) फिजिक्स 1 केलं असेल, तर ते बीजगणितावरचं आहे. कॅल्क्युलसच्या कोर्समधून सूट हवी तर एपी फिजिक्स सी लागतं, त्यातही मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकत्व या वेगळ्या परीक्षा. अ‍ॅस्ट्रॉनॉमीचा कोर्स गणिताची अट नसलेला असेल, तर तो हौसेखातर जरूर घ्यावा, फिजिक्सच्या जागी नको.

प्रश्न : बी.कॉम.ला आहे. ओपन इलेक्टिव्हला खगोलशास्त्र मिळतंय. झेपेल का? (पुणे)

उत्तर : झेपेल. दहाचे घात, गुणोत्तरं आणि थोडं कोनमापन एवढं पुरतं. नमुना म्हणून हे करून पाहा : चंद्र आकाशात 0.52 अंश रुंद दिसतो आणि अंतर सरासरी 3,84,000 कि.मी., तर त्याचा व्यास किती? अंशांना 57.3 ने भागून रेडियन करा, अंतराने गुणा. सुमारे 3,485 येतं. खरा व्यास 3,474 कि.मी. उत्तर दोन लाखांच्या घरात आलं, तर भागायचं राहिलं. दुसरी हमखास चूक ताऱ्यांच्या प्रतींची, म्हणजे तेजाच्या मापाची. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, आणि 5 प्रतींचा फरक म्हणजे तेजात 100 पट. व्याधाची प्रत उणे 1.46 आहे, ती वजा चिन्ह विसरून वाचली की क्रम चुकतो.

कोर्स दोन्ही सत्रांत असेल, तर दुसरं सत्र घ्या. पहिल्या सत्रात जून ते सप्टेंबर ढग असतात आणि निरीक्षणाचे तास वर्गातल्या स्लाइड्सवर भागवले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी मृग, रोहिणी, कृत्तिका डोक्यावर असतात आणि मृगातला तेजोमेघ साध्या 10×50 च्या द्विनेत्रीतून दिसतो.