परवानगी २०१९ ची, गेम लागला २०२२ ला

प्रश्न: आम्ही सांगली-मिरजेतले अकरा मित्र नाणं टाकून खेळायच्या जुन्या आर्केड गेमचे हौशी. घरच्या घरी प्लायवूड कापून असे गेम खेळायची दोन कॅबिनेट बनवली. एका छोट्या परदेशी कंपनीला ईमेल केला आणि तिचे तीन जुने गेम चालवायची परवानगी जून २०१९ मध्ये मिळवली. ‘तुमच्या क्लबच्या कॅबिनेटवर, नफा न कमावता वापरा,’ एवढंच उत्तर आलं. ऑगस्टात पूर आला, गावभागातल्या आमच्या खोलीत पाणी शिरलं, एक कॅबिनेट गेलं. मग कोविड. शेवटी नोव्हेंबर २०२२ पासून विश्रामबागेतल्या एका कॅफेत शनिवार-रविवार दुसरं कॅबिनेट लावतो, देखभालीसाठी डावाला २० रुपये घेतो. आता ते गेम विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची वकिलामार्फत नोटीस आली आहे: गेम काढा, चार लाख भरपाई द्या, पंधरा दिवसांत उत्तर द्या. आमच्याकडे लेखी परवानगी आहे. चौथा गेम तर आमच्या स्वतःच्या मूळ सर्किट बोर्डातून काढलेला आहे. ते संगणकावर चालवणारं मेम सॉफ्टवेअर फुकट आहे. मग घाबरायचं कशाला? की छंदच सोडून द्यायचा? — एक वाचक, सांगली

उत्तर: नोटीस हातात पडल्यावर नवव्या दिवशी तुम्ही मला लिहिलंत. पंधरातले नऊ दिवस मित्रांच्या ग्रुपवर ‘काही होत नाही रे’ ऐकण्यात गेले. म्हणून महत्त्वाचं तेवढं तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. इथे सविस्तर लिहितोय, कारण अशा चिठ्ठ्या मला कराडहून येतात, विट्याहून येतात, साताऱ्याहूनही येतात आणि सगळ्यांत हेच तीन आधार असतात: गेम जुना, कंपनी बंद, सॉफ्टवेअर फुकट.

त्या तिन्हींवर जागा घालवत नाही. मेम १९९७ साली आलं आणि २०१६ पासून मुक्त परवान्याखाली आहे, पण तो परवाना मेमचा, गेमच्या रॉमचा, म्हणजे चिपमधून उतरवलेल्या गेमच्या फाइलचा, नाही. कंपनी बंद पडली की तिचे हक्क कुणीतरी विकत घेतो, हे तुम्हाला नोटिशीनंच दाखवलं. आणि ऐंशीच्या दशकातला एकही व्यावसायिक गेम आपल्या कायद्यातल्या साठ वर्षांच्या हिशेबानं आज मोकळा झालेला नाही.

तुमचं प्रकरण या सगळ्यापेक्षा वेगळं आहे, कारण तुम्ही परवानगी मागितलीत. शंभरात एखादा मागतो. म्हणूनच पुढचं लिहिताना मला वाईट वाटतं. तुमची परवानगी खरी होती, पण ती बहुधा संपलेली आहे.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३०अ. हे कलम सांगतं की हक्क दुसऱ्याच्या नावे लिहून देण्याबद्दलचं कलम १९, आवश्यक तेवढ्या फरकानं, वापराच्या परवान्यालाही लागू आहे. आता कलम १९ चं पोटकलम ४ वाचा. दिलेला हक्क वर्षाच्या आत वापरला नाही, तर त्या हक्कापुरता करार वर्ष संपताच व्यपगत झाला, म्हणजे आपोआप संपला, असं मानलं जातं, करारात वेगळं लिहिलं असेल तरच सुटका. लगेच पोटकलम ५: मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. तुमच्या ईमेलमध्ये मुदत नाही आणि सुरुवात कधी करायची तेही नाही. जून २०१९ पासून वर्ष मोजलं तर जून २०२०. पाच वर्षं मोजली तर जून २०२४. कॅफेत गेम लागला नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि गेल्या शनिवारीही चालू होता.

तुमचा पहिला आक्षेप मला माहीत आहे: पूर होता, साथ होती. खोलीत पाणी असताना गेम कुठे लावणार? माणूस म्हणून मला हे पटतं. २०१९ चा ऑगस्ट सांगलीत ज्यानं काढला त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. पण पोटकलम ४ मध्ये अशी कुठलीही सवलत लिहिलेली नाही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयानं मुदती वाढवल्या होत्या, असंही तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. ती वाढ दावे, अर्ज, अपिलं दाखल करण्याच्या मुदतीला होती, परवान्यातलं वर्ष त्यात बसवता येईल असं मला वाटत नाही. तुम्हाला फक्त एक ओळीचा ईमेल टाकायचा होता: ‘पुरामुळे उशीर होतोय, आणखी दोन वर्षं द्याल का?’ ज्या कंपनीनं अनोळखी पोरांना तीन गेम फुकट दिले, तिनं तेही दिलं असतं. साडेतीन वर्षांत तो ईमेल गेला नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवत नाही.

तरी एक दार उघडं आहे. कायद्यात संगणक प्रोग्रॅमच्या प्रती करण्याच्या हक्कात, तो इलेक्ट्रॉनिक साधनावर साठवणंही येतं. म्हणजे हक्क ‘वापरणं’ म्हणजे कॅफेत लोकांसमोर लावणंच, असं नाही. ईमेल आल्यावर जून-जुलै २०१९ मध्ये कुणी ते तीन रॉम कॅबिनेटच्या मेमरी कार्डावर टाकले होते का? चालवून पाहिले होते का? अकरा हौशी मित्र परवानगी मिळाल्यावर दोन महिने गप्प बसले असतील, यावर माझा विश्वास नाही. त्या दिवसांतला एखादा व्हिडिओ, ग्रुपवर टाकलेला फोटो, पुरातून वाचलेलं कार्ड, कुणाच्या लॅपटॉपवरची फाइल, काहीही शोधा. वर्षाच्या आत प्रत केल्याचं सिद्ध झालं तर पोटकलम ४ अडवत नाही, असा युक्तिवाद करता येतो. न्यायाधीश तो मान्य करतीलच असं मी म्हणत नाही, पण तो प्रामाणिक आणि मांडण्यासारखा आहे.

मात्र हा पुरावा हाताळताना घाई नको. फाइल दुसरीकडे कॉपी करू नका, फोन रीसेट करू नका, कार्ड ‘स्वच्छ’ करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिच्यावरूनच काढलेला अंक, द्यावं लागतं. ज्याच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे त्यानंच तो फोन घेऊन वकिलाकडे जावं. फॉरवर्ड झालेल्या प्रतीवर मी काही उभं करू शकत नाही.

आणि हे सगळं जमलं तरी वाचतो तो फक्त नोव्हेंबर २०२२ ते जून २०२४ हा काळ. त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार पोटकलम ५ मध्ये अडकतात. म्हणून कॅफेतून ते तीन गेम आजच काढा. काढा म्हणजे बंद करा, पुसून टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर नको. काढल्याची तारीख कॅफेच्या मालकाकडून लिहून घ्या.

२० रुपयांबद्दल ठाम सांगणं कठीण आहे. प्लाय, बटणं, वीज यांचा हिशेब पै-पैचा असेल तर ‘नफा न कमावता’ या शब्दांत बसवायचा प्रयत्न करता येईल. पण कॅबिनेटमुळे कॅफेत गिऱ्हाईक वाढलं असेल तर समोरचे वकील तोच मुद्दा धरतील. वही ठेवली असेल तर शोधा, नसेल तर आता मागच्या तारखांची बनवू नका. लोकांकडून पैसे घेऊन गेम चालवायला मनोरंजनाच्या जागेचा परवाना लागतो का, हे कॅफेवाल्यानं स्वतंत्रपणे विचारून घ्यावं.

तुरुंगाची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण ती मनात आहे हे पत्रावरून दिसतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण धंद्यातल्या फायद्यासाठी उल्लंघन झालं नसेल तर कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे आणि तुमच्या नोटिशीचा सूर दिवाणी आहे. अटकपूर्व जामिनासाठी आत्ताच धावावं असं मला वाटत नाही. पोलिसांकडून बोलावणं आलं तर मात्र वकिलाशिवाय जाऊ नका.

खरी घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्याकडे मूळ दावा चालायला वर्षं लागतात. साक्षीदार येतो, वकील आजारी पडतो, त्या दिवशीच्या खटल्यांची यादी मोठी आहे म्हणून पुढची तारीख पडते. पण तात्पुरता मनाई हुकूम तुम्हाला न ऐकताही एका दुपारी निघू शकतो, आणि मग तो उठवायला तुम्ही त्याच तारखांच्या रांगेत उभे राहता. म्हणून जिल्हा न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा द्यावं लागतं. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयाखाली चालत नाही. त्या कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर दावा सांगलीतच येण्याची शक्यता जास्त. मुंबईत कार्यालय असेल तर कॅव्हेट तिथेही लागेल. नोटिशीवरचा पत्ता नीट वाचा.

चौथ्या गेमबद्दल मी तुमच्या बाजूनं निश्चिंत आहे, निदान निम्मा. कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची प्रत, ती हरवण्या-नष्ट होण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून करायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सूट देतं. मूळ बोर्ड तुमचा, पावती तुमच्याकडे, तोच बोर्ड पुराच्या पाण्यात बसला. ही सूट याहून सरळपणे कुणाला लागू होईल? काही जुन्या बोर्डांवर तर बॅटरी मेली की गेमही मरतो. पण ही सूट बोर्ड ज्याचा त्याची. एका बोर्डाच्या जोरावर अकरा जणांनी पेनड्राइव्हवर प्रती वाटल्या असतील, तर दहा जणांना ती नाही. आणि तो गेमही कॅफेत नको, घरी ठेवा.

नोटिशीला उत्तर मुदतीत जाऊ द्या. वकिलानं त्यात गेम थांबवल्याची तारीख द्यावी, २०१९ च्या परवानगीचा उल्लेख करावा आणि त्या कंपनीकडे हक्क कसे आले याची सही केलेली कागदपत्रं मागावीत. ‘आम्ही २०२२ मध्ये सुरू केलं’ हे वाक्य पुरावा तपासल्याशिवाय उत्तरात घालू नका, आणि ‘२०१९ पासून चालू आहे’ असं खोटं तर मुळीच नको. भरपाईच्या आकड्यावर आत्ता काही बोलू नका.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत की छंद सोडून द्यायचा का. नाही. आमच्या पिढीनं रुपयाचं नाणं टाकून ज्याला ‘मुस्तफा’ म्हटलं, तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम अमेरिकन कॉमिकवर बेतलेला; त्यात दोन ठिकाणचे हक्क गुंतले आहेत आणि तो आजवर घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे आलेला नाही. असे गेम जिवंत राहिले ते तुमच्यासारख्यांमुळे. उलट काही मालकांनी आपले गेम विनाव्यावसायिक वापरासाठी मोकळे केले आहेत. ‘रॉबी रोटो’ त्यातला एक. क्लबच्या कॅबिनेटवर आधी तसे गेम लावा, अटी छापून बाजूला चिकटवा.

आणि याच कंपनीकडे नवी परवानगी मागा, पण नोटिशीचं उत्तर गेल्यावर, वकिलामार्फत. तिच्यात कोणते गेम, कोणत्या शहरात, किती कॅबिनेटवर, देखभालीचे पैसे घेता येतील की नाही, किती वर्षं, हे लिहून घ्या. आणि एक वाक्य आवर्जून: वर्षभरात वापर सुरू झाला नाही तरी परवाना चालू राहील. सही आणि तारखेसह.