गांजाच्या दुकानाचा परवाना: न्यू जर्सीच्या वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे: न्यू जर्सीत गांजाचा कायदेशीर व्यवसाय. बऱ्याच जणांनी प्रश्नाआधी एक वाक्य लिहिलं आहे, "घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही." हा प्रश्न विचारायला संकोच नको. २१ एप्रिल २०२२ पासून या राज्यात २१ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो. संकोचापायी लोक चुकीच्या माणसाला विचारतात आणि पैसे घालवून बसतात, याची मला जास्त काळजी वाटते. मी अकाउंटंट आहे, वकील नाही. उत्तरं त्या मर्यादेत वाचावीत.

राज्यात गांजा कायदेशीर आहे. मग आमच्या टाउनमध्ये "इथे दुकान काढता येणार नाही" असं कसं सांगतात?

सांगू शकतात, कारण कायद्यानेच त्यांना तो अधिकार दिला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली, तेव्हा प्रत्येक नगरपालिकेला २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत निर्णय घ्यायची मुदत होती. बहुतेकांनी नकाराचा ठराव केला. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांच्या हद्दीत पाच वर्षांसाठी परवानगी आपोआप लागू झाली. नकार दिलेलं टाउन मात्र केव्हाही मन बदलू शकतं, आणि अनेक ठिकाणी तसं झालं आहे.

म्हणून सुरुवात राज्याच्या राजधानीपासून, ट्रेंटनपासून करू नका, टाउन हॉलपासून करा. राज्याचा कॅनबिस (गांजा) आयोग परवाना देतो हे खरं, पण पूर्ण वार्षिक परवान्यासाठी नगरपालिकेचा लेखी पाठिंबा आणि झोनिंगची (त्या जागेवर असा धंदा चालतो याची) मंजुरी तुम्हालाच आणावी लागते. आधी ऑर्डिनन्स, म्हणजे टाउनचा स्थानिक कायदा, मिळवून मुळातून वाचा. सहा प्रकारांपैकी (लागवड, उत्पादन, होलसेल, वाहतूक, किरकोळ विक्री, घरपोच डिलिव्हरी) टाउनने कोणत्या प्रकारांना जागा दिली आहे, दुकानं किती असू शकतात, त्यांतली किती भरली आहेत, कोणत्या रस्त्यांवर परवानगी आहे, शाळेपासून किंवा दुसऱ्या दुकानापासून किती अंतर हवं, हे सगळं त्यात असतं. प्रत्येक गावाचं वेगळं. जर्सी सिटीने तर यासाठी स्वतःचं कॅनबिस कंट्रोल बोर्ड नेमलं आहे.

आणि कौन्सिलच्या बैठकींना जाऊन बसा. अर्ज करायच्या आधी, नुसतं ऐकायला. कोणाचा विरोध कशाला आहे, पार्किंगला की वासाला की मुलांच्या शाळेच्या वाटेला, हे तीन बैठकींत कळतं. किरकोळ विक्रीवर २ टक्क्यांपर्यंत कर लावायचा अधिकार नगरपालिकेला आहे आणि तो पैसा गावात राहतो. हा मुद्दा कौन्सिलला माहीत असतो. पण शेजारच्या घरातल्या आजींना पार्किंगचं उत्तर हवं असतं, ते तुमच्याकडे तयार पाहिजे. सुनावणीत आपली माणसं मागे बसून राहतात आणि वकिलाला बोलू देतात, असं मी खूपदा पाहिलं. स्वतः उठून बोला.

आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही अमेरिकन नागरिक. भांडवल फार नाही. छोट्या प्रमाणावर सुरू करता येईल का?

येईल. कायद्यात मायक्रोबिझनेस असा वेगळा गट आहे: जास्तीत जास्त दहा कर्मचारी, २,५०० चौरस फूट जागा, आणि लागवड असेल तर महिन्याला १,००० रोपांची मर्यादा. अट अशी की सगळे मालक किमान दोन वर्षं न्यू जर्सीचे रहिवासी हवेत आणि मालक-कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के त्या टाउनचे किंवा लगतच्या टाउनचे. एडिसनला राहून राज्याच्या दक्षिण टोकाला केप मेमध्ये मायक्रो दुकान काढायचं म्हटलं तर ही दुसरी अट जड जाते. हा परवाना विकताही येत नाही. मोठ्या परवान्यात त्याचं रूपांतर मात्र करता येतं.

छोट्यांसाठी दुसरी सोय म्हणजे सशर्त परवाना, कंडिशनल लायसन्स. यात जागा हातात नसतानाही अर्ज करता येतो आणि परवाना मिळाल्यावर जागा, मंजुरी, कागदपत्रं जमवायला १२० दिवस मिळतात, वर मुदतवाढ मागता येते. पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे: एकट्यासाठी वर्षाला २ लाख डॉलर, एकत्र टॅक्स रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी ४ लाख. आयटीत दोघंही वरच्या पदावर असलेली जोडपी इथेच अडतात. त्यांना थेट वार्षिक परवान्याचाच रस्ता आहे.

आता भाड्याबद्दल. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने चांगली जागा हातची जाऊ नये म्हणून आधीच लीज केलं. अकरा महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरलं. तोपर्यंत टाउनने ठरवलेल्या दोन्ही जागा दुसऱ्यांना गेल्या. तो पैसा त्यांनी मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेला होता. लीजमध्ये "परवाना आणि स्थानिक मंजुरी मिळाली तरच करार लागू" हे कलम घातल्याशिवाय सही करू नका. घरमालक नाही म्हणाला तर दुसरी जागा बघा. तसंच त्याच्या गहाणखताच्या अटीही विचारा. गांजाचा भाडेकरू चालणार नाही असं अनेक बँकांच्या कागदांत लिहिलेलं असतं.

मी एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. मित्र दुकान काढतोय आणि म्हणतो, "फक्त ५० हजार डॉलर दे, नाव कुठे येणार नाही." हरकत आहे का?

आहे, आणि मोठी आहे. आज एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

राज्याने परवानगी दिली तरी इमिग्रेशनचा कायदा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा आहे. १९७० च्या फेडरल अमली पदार्थ कायद्याखाली हा व्यवसाय गुन्हाच ठरतो, आणि राज्याचा परवाना दाखवून तिथे काही उपयोग होत नाही. १९ एप्रिल २०१९ रोजी यूएससीआयएसने (नागरिकत्व आणि ग्रीन कार्डचे अर्ज हाताळणाऱ्या फेडरल खात्याने) लेखी स्पष्ट केलं की गांजाशी संबंधित काम, ते राज्यात कायदेशीर असलं तरी, नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या अटीला बाधा आणू शकतं. यात दुकानात केलेली नोकरीही येते. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे तितकंच लागू आहे. व्हिसावर असलेल्याला किंवा ग्रीन कार्ड मागणाऱ्याला तर याहून कठीण कलम आहे: अमली पदार्थांच्या व्यापारात सहभागी असल्याचं मानायला अधिकाऱ्याला पुरेसं कारण वाटलं, तरी प्रवेश नाकारता येतो. खटला, शिक्षा, काहीच लागत नाही. आणि त्या पैशाचा जाणूनबुजून फायदा घेतलेल्या जोडीदाराला आणि मुलांनाही पाच वर्षं त्याची झळ लागू शकते.

"नाव कुठे येणार नाही" हे तर आणखी घातक आहे. राज्याच्या अर्जात मालकी आणि पैसा कुठून आला हे उघड करावं लागतं, मालकांचे बोटांचे ठसे घेतले जातात. नाव लपवलं तर मित्राचा परवाना धोक्यात, आणि पुढे तुमच्या इमिग्रेशनच्या फॉर्मवर प्रश्न आला की तुम्ही खोटं सांगणार की खरं? दोन्हीकडून अडकलात.

पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर ते परत मागण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. आधी वकील, मग मित्र. मैत्री तुटेल याची भीती वाटते हे मी समजू शकते, पण बारा वर्षं रांगेत काढलेलं कुटुंब त्याहून मोठं आहे.

दुकानात इतकी गर्दी दिसते, तरी चालवणारे नफा होत नाही म्हणतात. खरं आहे?

बऱ्याचदा खरं असतं. त्याला कारण फेडरल टॅक्स कायद्याचं कलम २८०ई. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या अमली पदार्थांच्या एका बेकायदा विक्रेत्याने टॅक्स कोर्टात आपल्या धंद्याच्या खर्चाची वजावट मिळवली. संतापलेल्या अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) पुढच्याच वर्षी हे कलम आणलं: फेडरल यादीतल्या सगळ्यात कडक दोन गटांमधल्या, म्हणजे शेड्यूल १ आणि २ मधल्या पदार्थांच्या व्यापाराला नेहमीच्या खर्चाची वजावट नाही. फक्त मालाची किंमत वजा करता येते.

आकड्यांत बघा. विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडं-पगार-विमा मिळून ३ लाख. हातात उरले १ लाख. किराणा दुकान चालवणाऱ्या कॉर्पोरेशनने त्यावर २१ टक्के म्हणजे २१ हजार भरले असते. तुम्हाला ३ लाखांची वजावट नाही, म्हणून ४ लाखांवर कर: ८४ हजार. वर्षभर राबून उरले १६ हजार. न्यू जर्सीने २०२३ मध्ये राज्याच्या करापुरती ही अडचण दूर केली, पण मोठा घास फेडरल कराचाच असतो.

मे २०२४ मध्ये फेडरल न्याय खात्याने गांजा शेड्यूल १ मधून त्याहून सौम्य अशा शेड्यूल ३ मध्ये न्यायचा प्रस्ताव मांडला. तिथे गेलेल्या मालाला २८०ई लागत नाही. तरीही तुमचं अंदाजपत्रक २८०ई धरूनच मांडा. त्यात तगलात तरच पुढे जा. मोठ्या बँका बहुधा खातं उघडत नाहीत, छोट्या बँका किंवा क्रेडिट युनियन उघडतात आणि तपासणीची फी लावतात. तीही अंदाजपत्रकात धरा.

एक सल्लागार म्हणतात, १० टक्के भागीदारी दिली तर परवाना नक्की मिळवून देतो.

नका देऊ. परवाना "नक्की" मिळवून देणं कोणाच्याही हातात नाही. अर्ज आयोगाकडे ऑनलाइन भरला जातो. चांगल्या वकिलाला ठरलेली फी द्या, मालकी नको. शिवाय असे करार आयोगाच्या तपासणीत येतात, आणि पडद्यामागचा मालक सापडला तर नुकसान तुमचं.

न्यूयॉर्कमधल्या ओळखीच्या शेतातून स्वस्त माल आणून इथे विकता येईल का?

नाही. दोन्ही राज्यांत कायदेशीर असला तरी राज्याची हद्द ओलांडली की तो फेडरल गुन्हा. हडसन नदीच्या पलीकडचं शेत तुमच्या उपयोगाचं नाही.

गांजाला हात न लावता या धंद्यात काही करता येईल का? मी नागरिक आहे, एचव्हीएसीचं (हीटिंग, एसी, हवा खेळती ठेवण्याचं) काम करतो.

तुमच्याकडे तर या धंद्याला सगळ्यात जास्त लागणारं कौशल्य आहे. बंदिस्त लागवडीच्या खोलीत दिवे प्रचंड उष्णता टाकतात आणि रोपं पाणी हवेत सोडतात. आर्द्रता काढता आली नाही तर फुलांना बुरशी लागते आणि प्रयोगशाळेच्या चाचणीत सगळी बॅच बाद होते. वास बाहेर जाऊ नये म्हणून कार्बन फिल्टर लागतात, आणि शेजाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी वासाच्याच असतात. या कामाला गांजाचा परवाना लागत नाही, तुमचा नेहमीचा लायसन्स पुरतो. तुम्ही गांजा विकत नसल्यामुळे २८०ईचा फास सहसा तुमच्यापर्यंत येत नाही. आपल्या विमा कंपनीला मात्र काम कुठलं आहे ते आधी लेखी कळवा, आणि बिलाचे पैसे रोख न घेता खात्यात घ्या.