बी.एड.ची आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) सहावी ते आठवीच्या वर्गांवर आली आहे. या वयाच्या मुलांसाठी काय तयारी करावी?

पाठ टाचण, म्हणजे तासाचं लेखी नियोजन, जमतं, पण सातवीच्या वर्गात उभं राहायची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, आमच्याकडे छात्राध्यापक येत असतात. माझं सांगणं एकच: टाचणाआधी मुलं बघा.

निरीक्षणाच्या दिवसांत बहुतेक जण मागच्या बाकावर बसून शिक्षकांचं फलकलेखन टिपून घेतात. तुम्ही मुलं टिपा. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षं आधी सुरू होते. त्यामुळे एकाच सातवीत एखादी मुलगी बाईंच्या उंचीला आलेली असते आणि शेजारचा मुलगा चौथीतला वाटतो. कोण हल्ली हात वर करत नाही, पोषण आहाराच्या पंगतीत कोण एकटं बसतं, हे वहीत लिहून ठेवा.

चारचौघांत हसं होण्याची भीती या वयात फार असते. आवाज फुटलेल्या मुलाला अचानक कविता वाचायला उभं केलं, तर तो पुस्तकच आणलं नाही म्हणेल, बोलणी खाईल, पण वाचणार नाही. त्याला उर्मट ठरवू नका. आदल्या दिवशी सांगून ठेवा, आधी गटात वाचू द्या. आणि टोमणे तर अजिबात नकोत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारण्याबरोबर मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे.

आता गणिताचं. 1/3 + 1/4 = 2/7 असं उत्तर येणारच. ‘चूक, पुढचा सांगा’ म्हणालात की तो मुलगा महिनाभर तोंड उघडणार नाही. सगळ्या वर्गालाच विचारा: 2/7 तर 1/3 पेक्षाही लहान, मग भर घालून उत्तर कमी कसं झालं? दोघा-दोघांना बोलू द्या आणि तुम्ही गप्प राहा. छात्राध्यापकांना हे गप्प राहणंच सर्वांत जड जातं, कारण मागे निरीक्षक बसलेले असतात. पण 7/12 पर्यंत मुलं स्वतः पोचली, तर अर्धं टाचण राहिलं तरी चालेल.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरात 150 पैकी 30 गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राला असतात. तो अभ्यास कराच. शिवाय मार्गदर्शक शिक्षकांना विचारून परिपाठाला आणि खेळाच्या तासाला थांबत जा. वर्गात गप्प बसणारी मुलं मैदानावर आपणहून बोलायला येतात.