गाई पाळा, पण शेण कोण काढणार ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय, ठाण्यातली नोकरी सोडून शहापूरकडे एखाद्या पाड्यावर चार डांगी गाई घेऊन राहिलं तर घरखर्च निघेल का, आणि तिथलं आयुष्य निवांत असतं ना. तो 'निवांत' शब्द वाचला आणि राहवलं नाही.

माझं माहेर डोळखांबच्या पुढे, आजोबा नावाच्या डोंगराखाली. पंचवीसेक घरं, दारोदार गुरं. निवांत असतो तो गुरं चारायला नेणारा. शेण काढणं, गव्हाणीत पेंढा टाकणं, पाणी पाजणं सगळं बाईच्या अंगावर. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, पण पाणी मुंबई-ठाण्याला. पाड्यावरची विहीर चैत्रात तळाला. उन्हाळ्यात एका जनावराला दिवसाला 40-50 लिटर लागतं. आई ते हंड्याने आणायची.

आमचा एक गोऱ्हा होता, चांद्या. तो तीन दिवसांचा असताना त्याची आई घटसर्पाने गेली. आईने शेजारच्या गाईचं दूध मागून, बाटलीने पाजून त्याला जगवला. तीन वर्षांत असा भरला की लोक बघायला यायचे. 2009 च्या पौषात आई घमेलं घेऊन उकिरड्यावर गेली, परत आली तर खुंटा मोकळा. बाबा आणि दादा त्याला टेम्पोत घालून म्हशाच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजाराला घेऊन गेले होते. दादाला मोटारसायकल हवी होती. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, त्यामुळे रात्री तेवढं दावं घरी आलं. आईने एकच विचारलं, "वाटेत पाणी पाजलंत का त्याला?" दोघांपैकी कोणीच बोललं नाही. ते दावं अजून तिथेच खुंटीला आहे.

दादा आजही म्हणतो, गुरं बाबांची होती, त्यांनी विकली. साफ चूक. ज्याने शेण काढलं, पाणी वाहिलं, त्याला विचारल्याशिवाय जनावर दारातून हलता कामा नये.

आता घरखर्चाचं. नाही निघणार. डांगीची कातडी तेलकट, खूर टणक, आमच्या पावसात आणि भाताच्या चिखलणीत तिच्यासारखं जनावर नाही. पण दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, तेही वासराला पाजून. पैसा होतो तो गोऱ्ह्यांचा आणि शेणखताचा, त्याला तीन-चार वर्षं थांबावं लागतं. नोकरी सोडू नका, दोन गाईंपासून सुरुवात करा. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचून घ्या. 1962 वर फोन लावला तर जनावरांच्या डॉक्टरांचं सरकारी फिरतं पथक येतं, पण ओढा भरला की आमच्या पाड्यावर कोणीच पोचत नाही.

जर्सीचं गणित वेगळं, ते मला विचारू नका. आणि सगळ्या घरांत आमच्यासारखंच चालतं असंही नाही. माझी मावशी बाजारात स्वतः उभी राहून भाव करते.

गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतील तेव्हा मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतात. शेण तुमची बायको काढणार असेल तर तिथे तिचंच नाव आणि तिचाच नंबर द्या.