जादू कमी करायची, तर तिची कामं कोण करणार?

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवत खेळायचा खेळ खेळतो. पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं. डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारं माणूस, मी आहे. नव्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) जादू दुर्मीळ हवी म्हणून मंत्र वापरणारे सगळे क्लास (पात्रांचे प्रकार) मी बंद केले. क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी जखमा भरणारं पात्र) तयार करून आणलेल्या मैत्रिणीला फायटर (साधा लढवय्या) घ्यावा लागला. तिसऱ्या सेशनला वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) आणला. कोणाच्याच शस्त्राने त्याला ओरखडाही उठेना, दोन कॅरेक्टर मेली. आता एक जण ‘मला विझर्डच (जादूगार) हवा’ म्हणून अडून बसलाय आणि बाकीच्यांचाही रस गेलाय. कमी जादूचा नाद सोडून देऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सोडू नका. मी पुण्यात नऊ वर्षं टेबल चालवतेय. त्यातली मला सगळ्यात जवळची वाटतात ती कमी जादूच्या कॅम्पेनची तीन वर्षं.

या खेळात जादू म्हणजे फक्त आगीचे गोळे नव्हेत. ती घरातल्या कर्त्या बाईसारखी सगळीकडे राबत असते. दिवा लावते, जेवू घालते, जखमा भरते, खोटं पकडते, मेलेल्याला परत आणते. तुम्ही तिला घराबाहेर काढलंत आणि तिची कामं तशीच पडून राहिली. ती आता कोण करणार, हे डीएमने आधी ठरवायचं असतं. कमी जादूच्या खेळातली खरी गोडी मला तिथेच सापडली.

भुकेचंच बघा. निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडचा ‘गुडबेरी’ हा पहिल्या पातळीचा साधा मंत्र. त्यातून 10 बोरं मिळतात आणि एका बोरावर एक माणूस दिवस काढतो. म्हणजे एका मंत्रात दहा जणांची एका दिवसाची सोय. हा मंत्र असताना बर्फातली खिंड ओलांडणं हा नुसता प्रवास असतो. आमच्याकडे तो नव्हता. खिंडीत चौथ्या दिवशी शिधा संपला, तेव्हा सामान वाहणारं खेचर मारायचं का, यावर टेबलावर अर्धा तास बोलणं चाललं. त्या खेचराला एका मुलीने ‘गुलाब’ नाव दिलं होतं. शेवटी तीच म्हणाली, ‘मी करते.’ त्या सेशनला एकही लढाई झाली नाही, पण तिघं जण अजून त्याच दिवसाबद्दल बोलतात.

अंधाराची गोष्ट थोडी फसवी आहे. मशाल तासभर जळते आणि 20 फुटांपर्यंत लख्ख उजेड देते, त्यामुळे मशाली मोजत तळघरात उतरण्यात थरार आहे. पण पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, एल्फ आणि ड्वार्फ या जातींची पात्रं असतील तर त्यांना 60 फुटांपर्यंत अंधारात दिसतं आणि मशालींना अर्थच उरत नाही. म्हणून मी सगळ्यांना माणूस किंवा बुटका हाफलिंग घ्यायला सांगितलं.

जखमांकडे मात्र नीट लक्ष द्या. क्लेरिक काढला तरी या आवृत्तीत आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) सगळे हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत येतात, म्हणजे भाल्याची जखम एका झोपेत भरते. डीएमच्या पुस्तकातला ‘ग्रिटी रिअलिझम’ हा पर्याय वापरा. त्यात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) 8 तासांची आणि लाँग रेस्ट 7 दिवसांची होते. मग लढाया कमी ठेवा, आठवड्याला दोन-तीन पुरे. आणि कोणालातरी ‘हीलर’ हे फीट (पात्राचं खास कौशल्य) घ्यायला सांगा. 5 सोन्याच्या नाण्यांची औषधांची पेटी 10 वेळा चालते. या फीटमुळे त्या पेटीने हिट पॉइंटही भरून येतात, पण दोन विश्रांतींच्या मध्ये एका माणसावर एकदाच. मंत्राविना जखमा बांधणारं माणूस पार्टीत फार जीव लावून जातं.

वेअरवुल्फच्या बाबतीत तुम्ही मंत्र काढलेत, पण राक्षस जादूच्या जगातलाच ठेवलात. साध्या शस्त्राचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. चांदीचा होतो, आगीचाही होतो. ही माहिती पार्टीला आधी मिळायला हवी होती. आमच्या टेबलावर गावातल्या एका म्हातारीने पहिल्याच रात्री ती सांगितली. एका शस्त्राला किंवा 10 बाणांना चांदी चढवायला 100 सोन्याची नाणी लागतात आणि पोरांकडे होती 30. मग सरायवालीने आईचं चांदीचं शमादान वितळवायला दिलं. त्यातून 10 बाण निघाले. वेअरवुल्फचे हिट पॉइंट 58, आमच्या धनुर्धराच्या बाणाने होणारं नुकसान सरासरी साडेसात. म्हणजे दहातले आठ लागायलाच हवेत. बाकीच्यांनी तेलाच्या कुप्या आणि मशाली घेतल्या. नवव्या बाणाला फासा टाकताना त्या मुलाचा हात थरथरत होता.

आता तुमचा विझर्ड. त्याला येऊ द्या. त्या मुलाचं काही चुकलेलं नाही. पुस्तकातल्या 12 क्लासपैकी 8 मंत्र वापरतात. सगळे बंद केले की खेळाडूंच्या हातात फारच थोडं उरतं. एका पार्टीत एकच जादूगार, आणि लोक त्याच्यापासून दोन हात लांब राहतात, हे जग बंदीपेक्षा कितीतरी चांगलं चालतं. वापरलेले मंत्र सात दिवसांच्या विश्रांतीनंतर परत मिळतात, त्यामुळे ते आपोआप मोलाचे होतात. दोन ठिकाणी मात्र सावध राहा. कॅन्ट्रिप (छोटे मंत्र) कितीही वेळा वापरता येतात, तेव्हा ‘लाइट’ आणि ‘फायर बोल्ट’बद्दल त्याच्याशी आधीच बोलून घ्या. आणि ‘आर्केन रिकव्हरी’ दिवसातून एकदा मिळते, ती आठवड्यातून एकदा करा, नाहीतर आठ तासांच्या प्रत्येक झोपेनंतर त्याचे काही मंत्र परत येतील आणि आठवड्याचा नियम निरुपयोगी होईल.

सगळ्यात आधी मात्र त्या मैत्रिणीशी बोला. ती क्लेरिक मनात घेऊन आली होती आणि तुम्ही टेबलावर बसल्यावर नियम सांगितलात. मला तुमच्या पत्रातली ही गोष्ट वेअरवुल्फपेक्षा जास्त लागली. येत्या रविवारी फासे काढू नका. पुन्हा सेशन झिरो (खेळाआधीची बोलणी) घ्या, कशी दुनिया हवी ते सगळ्यांना विचारा. तिला देवाची सेविकाच हवी असेल तर विझर्डसारखाच मार्ग तिच्यासाठीही काढा. तिने प्रार्थना केली आणि खरंच कोणाची जखम भरली, तर त्या गावात काय होईल, याचा विचार करून ठेवा.

प्रश्न : जादूची तलवार द्यायची नाही, तर बक्षीस काय द्यायचं? आणि पुढच्या पातळ्यांना पार्टी कमजोर पडणार नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या आवृत्तीचं गणित जादूच्या वस्तू धरून मांडलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्याशिवायही फासे जुळतात. फक्त साध्या शस्त्रांना न जुमानणारे राक्षस तपासून घ्या. बक्षिसाचं म्हणाल तर प्लेट आर्मरची किंमत 1,500 सोन्याची नाणी आहे, युद्धाच्या घोड्याची 400. जादू नसलेल्या जगात अंगाला बसणारं चिलखत हेच मोठं धन. माझ्या एका खेळाडूला सरदाराने नदीकाठची पडकी गिरणी बक्षीस दिली. पुढचे चार महिने पार्टी तिचं छप्पर शाकारण्यासाठी पैसे जमवत होती, आणि त्या गिरणीसाठी ते सगळे कोणाशीही लढायला तयार होते.